खानापूर तालुक्यात राहून लिहिण्यावर जगता येईल का?

प्रश्न असा आला आहे : "ताई, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. बी.ए. झाले, वय चोवीस. मला प्रवास, आपल्या भागातल्या चालीरीती आणि घरातल्या माणसांच्या गोष्टी लिहायच्या आहेत. आजी ऐंशीची आहे, तिला जात्यावरच्या खूप ओव्या येतात. पण यावर पोट भरतं का? पुण्याला जावं लागेल का? मराठीत लिहू, कानडीत की इंग्रजीत? आणि घरच्यांबद्दल किती लिहायचं? मला तू म्हणा."

तू म्हणते. या कामात मला सत्तावीस वर्षं झाली आणि ती सगळी बेळगावात राहून झाली.

आधी पैशाचं बोलू, कारण घरात तुला पहिल्यांदा तेच विचारणार आहेत. नुसती प्रवासवर्णनं आणि ललित लेख लिहून महिन्याचं किराणा सामान येत नाही. माझ्या वहीत गेली कित्येक वर्षं हिशेब साधारण असा पडतो : दहा रुपये आले तर त्यातले सहा कानडी-मराठी अनुवादाचे, दोन व्याख्यानं आणि कार्यशाळांचे, आणि उरलेले दोन माझ्या स्वतःच्या लेखनाचे. पण त्या दोन रुपयांच्या लेखनामुळेच बाकीचे आठ रुपये मला शोधत येतात. माझा यल्लम्माच्या डोंगरावरचा लेख वाचून एका संस्थेनं अहवालाच्या अनुवादासाठी फोन केला होता. त्यामुळं अनुवादाला पोटासाठी करायचं हलकं काम समजू नकोस.

आणि इथंच तुझ्याकडं एक ठेव आहे, ती तुला दिसत नाहीये. तू कर्नाटकातल्या मराठी शाळेत शिकलीस, म्हणजे कानडी अक्षर तुला वाचता येतं. बसची पाटी, जमिनीचा उतारा, ग्रामपंचायतीची नोटीस तू कुणाला न विचारता वाचतेस. पुण्या-मुंबईत चांगलं मराठी लिहिणारे हजारो आहेत, पण दोन्ही भाषा कानात घेऊन वाढलेले किती? बेळगावात वाढलेल्या उमा कुलकर्णी यांनी शिवराम कारंत आणि भैरप्पा हे कानडी कादंबरीकार मराठी घराघरांत पोचवले. तेवढं मोठं काम प्रत्येकाच्या हातून होणार नाही. पण शेतीची पत्रकं, सहकारी संस्थांचे अहवाल, कोर्टाची कागदपत्रं, मुलांची पुस्तकं हे काम कायम असतं. कुंद्याच्या, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईच्या, डब्यावरचा मजकूरसुद्धा मी केलाय आणि त्यावर दोन दिवस घालवलेत. कानडी नुसती वाचता येते तेवढ्यावर थांबू नकोस, रोज एक पान लिहीत जा. पुढं मोडी लिपीही शिक. १९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात होता, बेळगावातलं शहापूर तर त्याआधी सांगली संस्थानात. जुन्या घरांतल्या ट्रंकांमध्ये मोडीचे कागद पडून आहेत आणि ते वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत.

मराठी, कानडी की इंग्रजी? ज्या भाषेत तुला आजीचं बोलणं ऐकू येतं तिच्यात आधी लिही. इंग्रजीत मानधन जास्त मिळतं हे खरं आहे, मीही अधूनमधून लिहिते. पण मराठीत शिजलेलं इंग्रजीत नेता येतं. उलटं केलं की नऊवारीचं 'पारंपरिक वस्त्र' होतं आणि भाकरीच्या काठवटीला नावच उरत नाही.

मानधनाचं आणखी थोडं. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची आहे आणि लांब, निवांत लेखाला मराठीत आजही तिच्याएवढी जागा कुठं नाही. बहुतेक संपादक उन्हाळा संपता संपता विषय ठरवतात. म्हणून पत्र मे महिन्यात गेलं पाहिजे; गणपतीत पाठवलेला लेख पुढच्या वर्षावर जातो. मानधन किती आणि कधी, हे लेख देण्याआधी लेखी विचारायचं. मला हे विचारायची लाज वाटायची. एका अंकासाठी मी महिनाभर फिरून लेख लिहिला, अंक छान निघाला, पैसे कधीच आले नाहीत. त्यानंतर लाज सोडली.

पुस्तकाचा करार करताना तर डोळ्यांत तेल घाल. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी एका प्रकाशकानं पुढं केलेल्या कागदावर मी आनंदाच्या भरात सही केली. दुसरी आवृत्ती निघाल्याचं मला एका वाचकाकडून कळलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाला बरंच संरक्षण आहे. हक्क दिले तर ते लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं काही नसल्यास तो संपतो. कायद्याचा हा आधार करारातल्या कोऱ्या जागांना आहे. तिथं 'सर्व हक्क, कायमचे' असं स्वच्छ लिहिलं असेल आणि खाली तुझी सही असेल, तर मग हात बांधले जातात. म्हणून ती ओळ शोध आणि खोडून घे. अनुवाद, ध्वनिपुस्तक, चित्रपट यांचे हक्क वेगवेगळे मोजले जातात, ते एका गठ्ठ्यात देऊ नकोस. लेखकाचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे तू आज केलेल्या सहीचा परिणाम तुझ्या नातवंडांपर्यंत जातो.

आता लेखनाचं बोलते.

बेळगावच्या आसपासच्या गावांत महालक्ष्मीची यात्रा असते, तुला सांगायला नको. कुठं पाच वर्षांनी, कुठं बारा, कुठं पंचवीस वर्षांनीही. मी लिहायला लागले तेव्हा अशीच एक यात्रा बघायला गेले. देवीच्या लग्नातलं अक्षतारोपण बघितलं, रथ बघितला, भंडाऱ्यानं पिवळे झालेले रस्ते बघितले. घरी येऊन एका बैठकीत लेख लिहिला, तो छापूनही आला. आज वाचते तेव्हा त्यात एकही ओळ अशी सापडत नाही की जी दुसऱ्या कुणी लिहिली नसती.

पुढं दुसऱ्या एका गावच्या यात्रेला मी तीन खेपा केल्या. पहिली खेप यात्रेच्या दोन महिने आधी. गावानं तेव्हा वार धरले होते, म्हणजे ठरलेल्या वारी शेतात औत जात नव्हतं. त्या दिवशी माणसं मोकळी असतात, कट्ट्यावर बसून बोलतात. घरोघरी रंग चालला होता, परगावच्या लेकी-जावयांची मोजदाद चालली होती, आणि एक म्हातारे गृहस्थ मला मागच्या यात्रेत कोणाचा बैल रथाच्या आड आला ते सांगत होते. दुसरी खेप ऐन यात्रेत. या वेळी मी रथाकडं गेलेच नाही. एका घरच्या परड्यात थोरल्या सुनेजवळ बसले. तीन दगडांची चूल, वर मोठं पातेलं, दारात पाहुण्यांच्या चपलांचा ढीग. आदल्या रात्रीपासून तिनं पाठ टेकली नव्हती. तिला देवीची ओटी भरायला जायचं होतं, खण-नारळ ताटात तयार होता, त्यावर पदर झाकलेला. दर अर्ध्या तासानं ती म्हणायची, "ही पंगत उठू दे, मग जाते." संध्याकाळी पाच वाजता ती गेली, भिजलेल्या हातांनी, आणि गदग्यावर, म्हणजे यात्रेतल्या चौथऱ्यावर, बसलेल्या देवीसमोर जेमतेम चार श्वास उभी राहून परत आली. कारण पुढची पंगत बसायची होती.

तिसरी खेप सहा महिन्यांनी. पाऊस संपला होता. घराचा रंग दोन ठिकाणी उडाला होता. यात्रेसाठी सोसायटीतून काढलेल्या कर्जाचा पहिला हप्ता गेला होता, हे मला तिच्या सासऱ्यांनी स्वतःहून सांगितलं. आणि तिनं सांगितलं की शेवटच्या दिवशी देवीला सीमेवर पोचवायला सगळं गाव गेलं, तेव्हा ती एकटी घरात होती, आणि त्या तासाभरात ती भांड्यांच्या ढिगाशेजारी जमिनीवरच झोपली होती. "यात्रेतलं सगळ्यात चांगलं तेवढंच बगा," असं ती म्हणाली. ते वाक्य पहिल्या खेपेला मिळालं नसतं, दुसऱ्या खेपेला तर तिला बोलायलाच सवड नव्हती.

म्हणून मी कुठल्याही गावावर तीन खेपांशिवाय लिहीत नाही. याच कारणानं तू खानापुरात आहेस हे मला तुझं भाग्य वाटतं. काश्मीरला तीन खेपा करायला तुझ्या-माझ्याकडं पैसे नाहीत, हलशीला आहेत. हलशीच्या भूवराह-नरसिंह देवळात तू शाळेच्या सहलीला गेली असशीलच. बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं ते देऊळ आहे, आणि त्यात दोन गाभारे समोरासमोर आहेत. मधल्या मंडपात उभं राहिलं की एका देवाकडं तोंड केल्यावर दुसऱ्याकडं पाठ होते. तिथं तासभर नुसती बस आणि येणारी माणसं आधी कोणाकडं वळतात, दुसऱ्याकडं वळताना काय करतात ते बघ. मग पावसाळ्यात जा. मग एखाद्या मुंजीच्या किंवा लग्नाच्या दिवसांत जा. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तीच पुढं सौंदत्तीच्या अंगानं कृष्णेला मिळायला जाते. भीमगडच्या जंगलातल्या गवाळी, आमगाव, कोंगळा या वस्त्यांना पावसाळ्यात ओढे अडवून ठेवतात. लोंढ्याहून मिरजेकडं जाणारी गाडी एका दिवसात तुला जंगल, भात, ज्वारी आणि ऊस दाखवते. निपाणीकडं गेलीस तर विडी वळणाऱ्या बायकांजवळ बस; १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हमरस्त्यावर येऊन बसले तो रस्ता तिथंच आहे, आणि तेव्हा गोळीबारात गेलेल्यांची आठवण सांगणारी माणसंही आहेत. एवढा ऐवज एका जिल्ह्यात असताना विषय शोधायला लांब कशाला जायचं?

जाशील तिथं भाव विचार. मजुरी विचार, कोण काय खातं ते विचार, कुणाच्या नावावर काय आहे ते विचार. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघाले आणि १८५७ च्या धुमाळीत सापडले. त्यांची हकीकत शंभर वर्षांहून जास्त काळ मराठी माणूस वाचतोय. त्यांनी लढाई सांगितली, पण आपल्याजवळ किती पैसे होते आणि ते कसे लुटले गेले हेही सांगितलं, आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन कसे परतले तेही. माणूस घरचं कर्ज फेडायला बाहेर पडलाय हे कळलं की त्याच्या प्रत्येक मुक्कामाची काळजी वाटायला लागते. प्रवासवर्णनातला 'मी' एवढाच असावा असं मला वाटतं : का निघाला, खिशात काय होतं, कशाला घाबरला.

बोलीचंही सांगते, कारण तुला लवकरच हा अनुभव येणार आहे. येळ्ळूरच्या एका शेतकऱ्याचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिलं होतं, "थांब गं, येऊलालोय." छापताना एका संपादकांनी ते "थांब, येतो आहे" केलं. अंक घेऊन मी त्या शेतकऱ्यांकडं गेले. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि म्हणाले, "हे मी बोल्लोच नव्हतो की." तेव्हापासून लेखासोबत एक चिठ्ठी जाते : माणसांच्या तोंडची वाक्यं बदलू नयेत, अडचण असेल तर फोन करावा. आपलं मराठी अशुद्ध आहे, त्यात कानडी मिसळलंय, असं तुला कोणीतरी सांगितलंच असेल. अण्णा, अक्का, अडकित्ता हे शब्दही कानडीच्या अंगणातून आलेत, आणि ते पुण्यातही चालतात. निवेदन प्रमाण मराठीत ठेव आणि माणसांना त्यांचं बोलू दे. दोन्ही नीट आलं पाहिजे. प्रमाण भाषेचा आळस बोलीच्या नावावर खपवायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घ शिकायचंच.

सीमाप्रश्न. बाहेरचे संपादक आपल्याकडून पुष्कळदा तेवढंच मागतात. मला एकदा सांगण्यात आलं, "तिकडचं काहीतरी पेटतं द्या." मी तो लेख दिला नाही. हा प्रश्न टाळ असं मी म्हणत नाही. एक नोव्हेंबरला एका रस्त्यानं राज्योत्सवाची मिरवणूक जाते आणि दुसऱ्या रस्त्यानं काळ्या दिवसाची फेरी, आणि या दोन्हींमध्ये घराचं दार लावून बसलेली एक आई असते, तिचा मुलगा कुठल्या तरी एका रस्त्यावर असतो. तिच्याबद्दल लिही. मराठी शाळेतली पटसंख्या, मराठी कागदासाठी घातलेले खेटे, कानडी शेजारणीनं बाळंतपणात केलेली मदत, हे सगळं याच प्रश्नाचं आहे. माझं मन मराठीच्या बाजूला आहे आणि ते मी लपवत नाही. पण लिहायला बसले की शेजारच्या कानडी घराचं दार मला बंद करता येत नाही, कारण लहानपणी मी अर्धं जेवण त्याच घरात जेवले आहे.

घरच्यांबद्दल किती लिहावं, हा तुझा सगळ्यात अवघड प्रश्न. इथं माझ्याकडून मोठी चूक झालेली आहे. वडगावात माझी एक मावशी होती. घरात माग होता. नवरा सोडून गेल्यावर तिनं कांड्या भरून तीन मुलं वाढवली. लाईट गेली की गल्लीतले सगळे माग एकदम थांबायचे, आणि त्या शांततेत ती माझ्याशी बोलायची, कारण एरवी खडखडाटात बोलणं ऐकूच यायचं नाही. त्या अंधारात सांगितलेलं मी लिहिलं. नाव बदललं होतं. पण गल्ली तीच, माग तोच, मंगळसूत्र गहाण टाकल्याची तारीखसुद्धा तीच. लेखाचं कौतुक झालं, बक्षीसही मिळालं. महिन्याभरानं मी गेले तेव्हा तिनं नेहमीसारखा चहा दिला आणि एवढंच म्हणाली, "माझं ते तू इकलीस गं." तिनं मला यायला कधी मना केलं नाही. पण त्यानंतर लाईट गेली की ती उठून आत जायची. ती जाईपर्यंत हे असंच राहिलं, आणि मला ते भरून काढता आलं नाही.

तेव्हापासून ज्याची गोष्ट त्याला ती छापण्याआधी वाचून दाखवते. हातात कागद देत नाही, समोर बसून मोठ्यानं वाचते. माणसं काय काढायला सांगतात ते ऐकून तू चकित होशील. ज्याला आपण गुपित समजतो ते राहू दे म्हणतात, आणि "त्या दिवशी घरात तूप नव्हतं" एवढं वाक्य काढायला लावतात. काढायचं. वाचून दाखवल्यावर निम्मे लोक आणखी दोन गोष्टी सांगतात, त्या पहिल्यापेक्षा खोल असतात. गेलेल्या माणसांबद्दल लिहायचं तर त्यांच्या जवळच्या एकाला तरी वाचून दाखव. आणि जे स्वतःचं आहे, स्वतःची भीती, स्वतःचा हेवा, स्वतःचा खोटेपणा, तिथं मात्र हात आखडू नकोस. तिथं परवानगी तुझी तुलाच द्यायची आहे.

पुण्याला जा, पण ग्रंथालयं आणि माणसं बघायला, आणि रात्रीच्या गाडीनं परत ये. इंदिरा संत बेळगावात राहून लिहीत राहिल्या, जी. ए. कुलकर्णी बेळगाव जिल्ह्यातले आणि धारवाडला शिकवत राहिले, रणजित देसाई कोवाडला. यांच्यापैकी कुणाचं राहतं ठिकाण वाचकाच्या आड आलं नाही. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी इथं साहित्य संमेलनं भरतात, तिथं जा. सकाळी ग्रंथदिंडीत डोक्यावर ग्रंथ घेतलेल्या बायका असतात, दुपारी मंडपात त्याच बायका कथाकथनाला पुढच्या रांगेत बसतात. तिथं तुझा लेख वाच. कुठल्या वाक्याला त्या चुळबुळतात ते तुला समोर दिसेल. मला इतकं शिकवणारे वाचक दुसरीकडं भेटले नाहीत. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घे, आणि तिथं बसून आपल्या जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटिअर वाच, निदान आपल्या तालुक्याची पानं तरी.

आता आजी. ऐंशीची आहे म्हणतेस, तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून हे आधी कर. "आजी, ओवी सांग" म्हणून मोबाईल समोर धरलास तर दोन-चार ओव्या येतील आणि ती म्हणेल, आता आठवत नाही बाई. घरातलं जातं माळ्यावर असेल तर खाली काढ, धुऊन घे, पसाभर नाचणी किंवा तांदूळ घाल आणि तिचा हात खुंट्यावर ठेव. जोडीला तू समोर बस. ओवीची लय त्या फेऱ्यात असते. हात फिरायला लागला की शब्द येतात, हे मी पुष्कळ आज्यांच्या बाबतीत बघितलंय. रेकॉर्डिंग मागं कुठंतरी चालू राहू दे. प्रत्येक ओवीशेजारी तारीख लिही, ती कुणाकडून शिकली ते लिही, माहेरची की सासरची ते लिही. मधे कानडी शब्द आला तर तो तसाच ठेव. एखादी ओवी ती अर्ध्यात सोडेल, पुढचे शब्द तुला माहीत असले तरी पुरी करू नकोस. का सोडली ते विचार, पण त्याच दिवशी नको.

हे काम तीन-चार महिने चालेल. पहिली वही भरली की मला कळव, मग दिवाळी अंकाच्या पत्राचा मजकूर आपण मिळून करू. मे महिन्याला अजून वेळ आहे.